झेन, चीगाँग आणि सायकोथेरपी : तिन्ही एकाच गुरूकडे?

ध्यान शिकवणारा, शरीराचा आणि श्वासाचा सराव घेणारा आणि मनातलं ऐकून उपचार करणारा, ही तिन्ही कामं एकाच माणसाने करावीत का? हा प्रश्न हल्ली माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. रुग्ण विचारतात, "डॉक्टर, एक शिबिर आहे. झेन ध्यान, चीगाँग आणि काउन्सेलिंग, सगळं एकत्र आहे. जाऊ का?" तर अनेक वर्षं योगवर्ग घेणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "मी समुपदेशनाचा डिप्लोमा केला, चीगाँग शिकले, कोडाईकनालजवळच्या बोधी झेंडोत जाऊन झेनचं शिबिरही केलं. आता हे सगळं माझ्या वर्गात एकत्र शिकवू का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदू शकतात, शिकणाऱ्याच्या आणि शिकवणाऱ्याच्याही. पण तुम्ही आजारी असाल, तर त्या तिन्ही एकाच व्यक्तीकडून, एकाच खोलीत घेऊ नका. का, ते सांगायला जरा लांबण लागेल.

नावं परकी, ओळख जुनी

झेन हा शब्द जपानी असला तरी मूळ आपलंच आहे. संस्कृतात 'ध्यान', पालीत 'झान', चीनमध्ये गेल्यावर 'चान' आणि तिथून जपानात 'झेन'. बोधिधर्म नावाचा भिक्षू दक्षिण भारतातून चीनला गेला आणि त्याने ही परंपरा तिकडे नेली असं मानतात. इतिहासकार मात्र त्या कथेबद्दल जरा हात राखूनच बोलतात. झेनमधलं मुख्य काम म्हणजे बसणं. श्वास मोजत बसायचं, किंवा काहीच न करता बसायचं, किंवा गुरूने दिलेलं 'कोआन', म्हणजे तर्काने न सुटणारं कोडं, मनात धरून बसायचं. 'सेशिन' नावाचं निवासी शिबिर बहुधा आठवडाभर चालतं आणि दिवसाचा बराचसा वेळ बसण्यातच जातो. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर ज्यांनी केलंय त्यांना याचा अंदाज येईल. पद्धत वेगळी आहे, पण मौन, पहाटेची घंटा आणि दुखणारे गुडघे तेच.

चीगाँगमध्ये 'ची' म्हणजे श्वास, प्राण. 'गाँग' म्हणजे सरावाने कमावलेलं कसब. सावकाश हालचाली, लांब श्वास आणि शरीराकडे लक्ष. त्यातला सर्वांत प्रसिद्ध संच म्हणजे 'बादुआनजिन'. उभ्याने करायच्या आठ हालचाली, पंधरा-वीस मिनिटांत होतात. पत्रकांत 'हजारो वर्षांचं प्राचीन शास्त्र' असं छापलेलं असतं, ते अर्धं खरं. व्यायामप्रकार जुने आहेत, पण त्या सगळ्यांना मिळून 'चीगाँग' म्हणणं आणि त्याचे दवाखाने चालवणं हे बरंचसं १९५० च्या दशकातलं, नव्या चीनच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेतलं काम आहे.

'ची' नावाची शक्ती कुठल्याही यंत्रावर दिसलेली नाही. पण ती दिसली नाही म्हणून व्यायाम निकामी ठरत नाही. पाय जमिनीवर नीट ठेवून हळू हलण्याने तोल सुधारतो, खांदे-मानेचे आवळलेले स्नायू सुटतात, श्वास लांबतो आणि हृदयाची धडधड कमी होते. ताई ची ही चीगाँगची सख्खी बहीण. पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक चांगला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या तुलनेत ते कमी वेळा पडले. चीगाँगवरचे अभ्यास अजून लहान आणि बरेचसे कच्चे आहेत. तरी गुडघे धड असतील आणि चक्कर येत नसेल, तर रोज बादुआनजिन करायला मी कुणालाही नाही म्हणत नाही.

सायकोथेरपी म्हणजे बोलण्यातून होणारे मानसोपचार. ते तुम्हाला ठाऊक आहेत, या ब्लॉगवर त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय.

ध्यानाने आजारी पडलेला गुरू

या तिन्हींचं नातं समजून घ्यायला मला हाकुइनची गोष्ट सर्वांत उपयोगी वाटते. हाकुइन एकाकु (१६८६-१७६९) हा जपानच्या रिंझाई झेन परंपरेतला फार मोठा शिक्षक. फुजी पर्वताच्या पायथ्याजवळ हारा नावाच्या गावात त्याचं लहानसं देऊळ होतं आणि तिथे देशभरातून शिष्य येत.

हाच हाकुइन तरुणपणी ध्यान करून करून आजारी पडला होता. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. डोकं तापल्यासारखं, पाय बर्फात बुडवल्यासारखे गार, कानात सतत आवाज, काखेत घाम, डोळ्यांत पाणी, जराशा गोष्टीची भीती, आणि झोपेत-जागेपणी विचित्र दृश्यं. एखादा रुग्ण आज हे सगळं सांगत माझ्यासमोर बसला, तर मी चिंताविकार, नैराश्य, थायरॉइड अशा गोष्टी तपासायला घेईन. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान लांबून करण्यात मात्र अर्थ नाही. जपानीत याला 'झेन-रोग' असंच नाव आहे. म्हणजे हा प्रकार एकट्यादुकट्याचा नव्हता.

त्याने गुरू धुंडाळले, वैद्य धुंडाळले. शेवटी क्योतोजवळच्या डोंगरातल्या हाकुयू नावाच्या एका एकांतवाशाकडे तो गेला. ही भेट त्याने लिहिली तशीच झाली का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. उपाय मात्र स्पष्ट लिहिलेला आहे. हाकुयूने त्याला कोआन दिलं नाही, 'अजून जोर लावून बस' असंही सांगितलं नाही. त्याने सांगितलं, की डोक्यावर बदकाच्या अंड्याएवढा सुगंधी लोण्याचा गोळा ठेवलाय अशी कल्पना कर. तो हळूहळू वितळतोय, कपाळावरून, खांद्यांवरून, छाती-पोटातून खाली झिरपतोय, पायांच्या तळव्यांपर्यंत ऊब पोचवतोय. लक्ष डोक्यातून काढून बेंबीच्या खाली आण. हे चिनी परंपरेतलं, आज ज्याला आपण चीगाँग म्हणू त्या जातीचं तंत्र. शवासनात आपल्याकडे पायाच्या अंगठ्यापासून वर येत शरीर सैल सोडायला सांगतात, त्याचं हे उलट्या दिशेचं भावंड. पुढे १७५७ मध्ये हाकुइनने हे सगळं 'यासेन कान्ना' या छोट्या पुस्तकात लिहिलं आणि आपल्या शिष्यांना ध्यानाबरोबर तेही शिकवलं.

या गोष्टीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे ध्यानाने माणूस आजारी पडू शकतो, हे सांगायला आधुनिक मानसशास्त्राची वाट पाहावी लागली नाही; ध्यानाच्या परंपरेलाच ते माहीत होतं. दुसरी म्हणजे, ध्यानातून आलेल्या त्रासावर उपाय शोधायला तो ध्यानाच्या खोलीबाहेर पडला. सगळं एकाच गुरूकडे मिळालं पाहिजे असा हट्ट त्याने धरला नाही.

चीगाँगचं कौतुक ऐकून लगेच निष्कर्ष काढू नका. त्यालाही स्वतःचा आजार आहे. चिनी भाषेत 'झोउ हुओ रु मो' म्हणतात. शब्दशः, आग भरकटली आणि भूत शिरलं. १९८० च्या दशकात चीनमध्ये चीगाँगची प्रचंड लाट आली, बागा माणसांनी भरून गेल्या, आणि पाठोपाठ मनोरुग्णालयांत असे लोक येऊ लागले ज्यांना अंगात शक्ती सैरावैरा धावतेय, आवाज ऐकू येताहेत, असं वाटत होतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ च्या वर्गीकरणात, म्हणजे डीएसएम-४ च्या परिशिष्टात, चीगाँगनंतरच्या सायकोसिससारख्या अवस्थेची नोंद आहे. बहुतेकांना हे होत नाही. ज्यांना होतं, त्यांच्यातले बरेच आधीपासून नाजूक असतात किंवा अति सराव करत असतात. पण 'नैसर्गिक आहे, अपाय होणारच नाही' हे वाक्य ज्या शिबिराच्या पत्रकात असेल, तिथे थोडं थांबा.

ध्यान दवाखान्यात कसं आलं

जपानी मानसोपचारतज्ज्ञ शोमा मोरिता यांनी १९१९ च्या सुमारास टोकियोत एक उपचारपद्धती बसवली. स्वतःच्याच लक्षणांवर नजर लावून बसलेले रुग्ण, म्हणजे आता धडधडतंय का, आता लोक बघताहेत का, अशांना ते आधी आठवडाभर एकट्याने अंथरुणावर पडून राहायला सांगत. मग हलकं काम, मग कष्टाचं काम, मग बाहेरचं जग. भीती हाकलायची नाही, ती असू दे, हातातलं काम कर. त्यावर झेनचा प्रभाव किती, याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण वास तोच आहे. पुढे १९५७ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांनी झेनचे अभ्यासक डी. टी. सुझुकी यांना बोलावून मानसोपचारवाल्यांची एक कार्यशाळाच घेतली. तिथून पाश्चात्त्य मानसशास्त्रात झेनबद्दल बोलणं प्रतिष्ठेचं झालं. बोलणंच जास्त, हे माझं मत.

प्रत्यक्ष दवाखान्यात ध्यान आणलं ते जॉन कबात-झिन यांनी. ते डॉक्टर नव्हेत, रेणूजीवशास्त्रज्ञ. झेन, विपश्यना आणि हठयोग शिकलेले. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी एक वर्ग सुरू केला. सुरुवातीला आले ते मुख्यतः जुनाट दुखण्याने वैतागलेले रुग्ण. बसणं, शरीरभर लक्ष फिरवणं आणि सावकाश आसनं, एवढंच. धूप नाही, झगा नाही, गुरूला नमस्कार नाही. रुग्णांचे आपापल्या डॉक्टरांकडचे उपचार चालूच असत. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुन्हा लागेल.

यातून नैराश्यासाठीचा एक वर्ग तयार झाला. त्याचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगतो. ज्यांना नैराश्याचे तीन किंवा जास्त झटके येऊन गेले होते, त्यांच्यात साधारण वर्षभरात पुन्हा आजार उलटण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के होतं, वर्ग केलेल्यांत ३७ टक्के. मोठाच फरक. पण हे लोक त्या वेळी बरे होते. आजार भरात असताना त्यांना कुणी ध्यानाला बसवलं नव्हतं. आणि ज्यांना दोनच झटके येऊन गेले होते, त्यांना फायदा दिसला नाही.

आता २०२२ चा एक अभ्यास व्हॉट्सअॅपवर फिरतो, 'ध्यान गोळीइतकंच प्रभावी' म्हणून. अभ्यास खरा आहे, चांगला आहे. चिंताविकाराच्या २७६ रुग्णांत आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग एस्सिटालोप्राम या गोळीपेक्षा कमी पडला नाही. पण त्यात सायकोसिस किंवा बायपोलर असलेले रुग्ण घेतलेच नव्हते, शिकवणारे तयारीचे होते आणि घरी रोज पाऊण तास सराव करायचा होता. तुमच्या सोसायटीच्या हॉलमधल्या रविवारच्या वर्गाला तो आकडा लावता येत नाही.

तिन्ही येत असूनही वेगळं ठेवणारी बाई

मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. आत्महत्येचा विचार सतत करणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी डीबीटी ही उपचारपद्धती बनवली. ती आज जगभर वापरली जाते. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की सतरा वर्षांच्या असताना त्या स्वतः अशाच रुग्ण म्हणून मनोरुग्णालयात होत्या, दोन वर्षांहून जास्त.

रुग्णांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की 'तू बदल' एवढंच म्हटलं तर अशा माणसाला वाटतं आपल्यालाच दोष दिला जातोय, आणि 'तू आहेस तसा ठीक आहेस' एवढंच म्हटलं तर वाटतं आपलं दुःख कुणाला दिसलंच नाही. दोन्ही एकदम कसं म्हणायचं? याचा शोध घेत त्या झेनकडे गेल्या. जर्मनीत विलिगिस येगर या ख्रिस्ती भिक्षू असलेल्या झेन गुरूंकडे शिकल्या, आणि पुढे स्वतःही झेन शिक्षक झाल्या.

म्हणजे या बाईंकडे ध्यान होतं, सायकोथेरपी होती, आणि स्वतः रुग्ण असल्याचा अनुभवही होता. सगळं कालवून एकाच ताटात वाढायचा अधिकार कुणाला असेल तर त्यांना. त्यांनी काय केलं? झेनमधलं जे उपयोगी वाटलं त्याची साधी, धर्माचा शब्द नसलेली कौशल्यं केली: बघ, शब्दात मांड, भाग घे, निवाडा करू नकोस. ती शिकवायला वेगळा वर्ग, ज्याचा शिक्षक बहुतेक वेळा रुग्णाचा थेरपिस्ट नसतो. वैयक्तिक थेरपी वेगळी. आणि थेरपिस्टसाठी दर आठवड्याला सहकाऱ्यांची बैठक, जिथे थेरपिस्टने आपल्या अडचणी मांडायच्या आणि इतरांनी त्याला सांभाळायचं, टोकायचंही. ही बैठक ऐच्छिक नाही, उपचाराचाच भाग आहे.

झेन घेतलं, पण झेनमधलं गुरूपण उपचारात आणलं नाही. मला सगळ्यात मोलाचं ते वाटतं.

रडू आलं तर काय करायचं?

समजा तुम्ही अशा एकत्र शिबिरात बसला आहात. दुसऱ्या दिवशी ध्यानात अचानक वडिलांची आठवण येते. ते मारायचे, आणि आई बघत राहायची. छाती भरून येते, रडू कोसळतं.

झेन शिक्षक म्हणेल, आठवण आली, येऊ दे, जाऊ दे, श्वासाकडे ये. गोष्टीच्या मागे जाऊ नकोस. चीगाँगचा शिक्षक म्हणेल, उठ, पाय रोव, तळवे जमिनीला टेकलेले जाणव, श्वास खाली सोड. थेरपिस्ट म्हणेल, सांगा, तेव्हा काय झालं होतं? आई बघत होती तेव्हा तुम्हाला काय वाटलं? गोष्ट सोडायची नाही, तीच उलगडायची.

तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. ती एकाच क्षणी मात्र देता येत नाहीत. आणि कुठलं उत्तर कधी द्यायचं हे शिबिरातला एकच माणूस, तुमच्या आजाराची माहिती नसताना, समोर आणखी तीस जण बसलेले असताना, ठरवणार असतो. 'जाऊ दे' चुकीच्या वेळी म्हटलं, तर ज्या मुलाला लहानपणी कुणी विचारलंच नाही त्याला पुन्हा कुणी विचारलं नाही. 'सांगा' चुकीच्या वेळी म्हटलं, तर झाकण उघडतं आणि रविवारी संध्याकाळी शिबिर संपतं. सोमवारी ते झाकण घेऊन माणूस माझ्याकडे येतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८० च्या दशकात या पहिल्या प्रकाराला एक नाव दिलं. मी त्याला मराठीत 'अध्यात्माची पळवाट' म्हणतो. असे लोक तुमच्या ओळखीत असतील. रोज तासभर ध्यान, चेहऱ्यावर शांती, 'मी सगळ्याकडे साक्षीभावाने बघतो' हे वाक्य तोंडात, आणि सख्ख्या मुलाशी दोन वर्षं बोलणं बंद. ध्यानाने त्यांना काही दिलं नाही असं नाही. पण जिथे बोलायला हवं तिथे ते बसून राहिले.

दुसरा मुद्दा सत्तेचा. झेनमध्ये 'दोकुसान' असतं, शिष्याने गुरूला बंद दाराआड एकट्याने भेटायचं. वरवर थेरपीच्या तासासारखंच दिसतं. पण तिथे शिष्य वाकून नमस्कार करून आत जातो, बोलणं काही मिनिटांत संपतं, आणि संपलं हे गुरू ठरवतो. थेरपीत वेळ आणि फी आधी ठरते, गुप्ततेची हमी असते, नको असेल तर तुम्ही थांबू शकता, आणि थेरपिस्टचा राग आला तर तो बोलून दाखवणं हाच उपचाराचा भाग असतो. गुरूचा राग आला तर? बहुतेक परंपरांत त्याला शिष्याचा अहंकार म्हणतात. आता ही दोन्ही माणसं एकच असली, तर तुमच्या तक्रारीचं उत्तर तो कुठल्या खुर्चीतून देणार? ज्या खुर्चीतून सोयीचं पडेल त्या. अमेरिकेतल्या अनेक नावाजलेल्या झेन केंद्रांत गुरूंनी शिष्यांचा लैंगिक गैरफायदा घेतल्याची प्रकरणं गेल्या काही दशकांत उघड झाली. तिथे उत्तम ध्यान शिकवलं जात नव्हतं असं नाही. गुरूला प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. आपल्या देशात याची उदाहरणं द्यायला मला फार लांब जावं लागणार नाही, तुम्हालाच आठवतील.

शिकवणाऱ्याला काय सांगितलं

त्या योगशिक्षिका बाईंना मी म्हटलं, तुम्ही हे तिन्ही शिका, करा, आयुष्यभर करा. तुमचं शिकवणं त्याने चांगलंच होईल. थेरपीचं शिक्षण झालेल्या योगशिक्षिकेला कोण कोपऱ्यात गप्प झालंय हे लवकर दिसतं, आणि स्वतः ध्यान करणाऱ्या समुपदेशकाला दुसऱ्याचं रडणं थांबवायची घाई होत नाही. पण वर्गात आसनं, चीगाँग आणि थोडं बसणं एवढंच ठेवा. वर्गातल्या कुणाला बोलायची गरज दिसली, तर त्याला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवा, आणि ज्यांना तुम्ही समुपदेशन करता त्यांना ध्यानाच्या वर्गासाठी दुसरीकडे पाठवा. स्वतः कुणाकडे तरी महिन्यातून एकदा आपल्या कामाचा हिशेब मांडा. त्यांचा चेहरा थोडा पडला. "मग सगळं एकत्र करायला शिकले कशाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, एकत्र तुमच्यात झालंय, ते पुरेसं आहे.

तुम्ही जाणार असाल तर

शिकवणाऱ्याला सरळ विचारा, की शिबिरात कुणाला त्रास झाला तर तुम्ही काय करता, कुणाकडे पाठवता? ज्याच्याकडे एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव तयार आहे त्याच्यावर माझा विश्वास बसतो. "असं आमच्याकडे होत नाही" म्हणणाऱ्यावर नाही. समुपदेशक म्हणवत असेल तर शिक्षण कुठे, किती वर्षं, हेही विचारा. आपल्याकडे ती पाटी लावायला फारशी अडचण येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी असते; नंबर मागायला लाजू नका. मिस्त्रीला मागची कामं विचारतो, मग इथे का नको?

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, पूर्वी कधी आवाज ऐकू येणं, अलीकडचा आत्महत्येचा प्रयत्न किंवा ताजा मोठा आघात, यातलं काही असेल तर दिवसचे दिवस मौनात बसण्याचं शिबिर नको. फिट येत असतील तर पहाटे उठून झोप मोडणारं वेळापत्रक धोक्याचं असतं, आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. विपश्यना केंद्रांच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात. तिथे खरं लिहा. नातेवाईक "नको लिहूस, प्रवेश देणार नाहीत" असा सल्ला देतात. तो प्रश्न तुमच्याच सुरक्षेसाठी असतो. यातल्या बऱ्याच लोकांना रोजची पंधरा मिनिटं हलकं चीगाँग किंवा चालणं, आणि डोळे उघडे ठेवून पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष, एवढं करायला मी उलट सांगतो.

चालू असलेल्या गोळ्या शिबिराला जाताना बरोबर न्या आणि वेळेवर घ्या. लिथियम किंवा नैराश्याच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर काय होतं, हे अनेकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी भोगलंय. 'ध्यानाच्या आड औषधं येतात' असं कुणी सांगितलं, तर ते सांगणाऱ्याला माझा नंबर द्या.

ध्यान करताना थोडी अस्वस्थता, कंटाळा, जुन्या आठवणी, पायाला मुंग्या हे नेहमीचं. पण दोन रात्री सलग झोप लागली नाही आणि तरी थकवा नाही, आजूबाजूचं सगळं खोटं, काचेपलीकडचं वाटायला लागलं, अंगात शक्ती संचारल्याची खात्री पटू लागली, आवाज ऐकू आले किंवा मरणाचे विचार आले, तर बसणं त्याच क्षणी थांबवायचं. गुरू काहीही म्हणोत. पोटभर जेवायचं, झोपायचं, मोकळ्या हवेत चालायचं, घरच्यांना बोलावून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मानसोपचारतज्ज्ञाला गाठायचं. मरणाचे विचार असतील तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका. रात्री-अपरात्री कुणी सापडत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. शिबिरात फोन काढून घेत असतील, तर हा नंबर कागदावर लिहून बरोबर ठेवा.